आतड्यातील सोबती आणि मधुमेह

'अब्बांची शुगर वाढली', 'नानींना इन्शुलिन घ्यावे लागते', असे आपण अनेक घरांत ऐकतो. या आजाराला मराठीत मधुमेह म्हणतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे.

भात, भाकरी यांतील पिष्टमय पदार्थांची पचनानंतर साखर होते. ती रक्तात मिसळते. स्वादुपिंडातून पाझरणाऱ्या इन्शुलिनमुळे ही साखर पेशींत शिरते. इन्शुलिन कमी पडले किंवा पेशी त्याला दाद देईनाशा झाल्या, की साखर रक्तातच साठून राहते. हाच मधुमेह होय.

या आजाराचा आतड्यातील जीवाणूंशी काही संबंध असेल का? आपल्या मोठ्या आतड्यात लाखो कोटी जीवाणू राहतात. जीवाणू म्हटले की आपल्याला रोग आठवतात. पण यांतील पुष्कळसे आपल्या उपयोगाचे असतात. धान्याचा कोंडा, डाळींची साले, पालेभाज्या यांतील तंतुमय भाग आपल्याला पचत नाही. जीवाणू तो आंबवतात. त्यापासून ब्युटिरेट नावाचा पदार्थ तयार होतो. आतड्याच्या अस्तराचे पोषण त्यावर होते. अस्तर दुबळे झाले, तर जीवाणूंचे काही अंश रक्तात झिरपत असावेत आणि त्यामुळे इन्शुलिनचा प्रभाव कमी होत असावा, असे शास्त्रज्ञांना वाटते.

२००४ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. त्यांनी जन्मापासून जीवाणूविरहित वाढवलेल्या उंदरांना साध्या उंदरांच्या आतड्यातील जीवाणू दिले. दोन आठवड्यांत त्यांच्या अंगातील चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली. खाणे मात्र कमी झाले होते! त्यांच्या शरीरात इन्शुलिनचा प्रभावही कमी झाला.

पण उंदीर वेगळा, माणूस वेगळा. २०१२ साली चीनमध्ये ३४५ लोकांची तपासणी झाली. मधुमेहींच्या आतड्यात ब्युटिरेट तयार करणारे जीवाणू कमी आढळले. ते कमी झाल्याने मधुमेह झाला, की मधुमेहामुळे ते कमी झाले? २०१५ साली आणखी एक गोष्ट उघड झाली. मधुमेहावरील मेटफॉर्मिन या औषधानेही आतड्यातील जीवाणू बदलतात. म्हणून औषधाचा परिणाम वेगळा काढून पाहिला. तरीही ब्युटिरेट तयार करणारे जीवाणू कमीच दिसले. म्हणजे संबंध आहे. परंतु तेच कारण आहे, असे अजून सिद्ध झालेले नाही.

म्हणून जीवाणूंच्या नावाने विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवर विसंबून कोणीही इन्शुलिन किंवा औषध बंद करू नये. ते जिवावर बेतू शकते. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी, मेथी असे तंतुमय अन्न आहारात ठेवावे. मधुमेहींनी त्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. घरातील मोठ्यांना ही गोष्ट तुम्ही जरूर समजावून सांगा.

स्वाध्याय
१. इन्शुलिनचे कार्य कोणते?
२. तंतुमय भागाचे जीवाणू काय करतात?
३. 'संबंध असणे' आणि 'कारण असणे' यांतील फरक उदाहरण देऊन लिहा.