बारीक माणसाचं यकृत

"दारू नाही, अंगावर मांस नाही, लिव्हरला काय होणार?" शिरूर-दौंडच्या वस्त्यांत शुगरचे पेशंट आम्हाला हेच विचारतात. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच आकडे छापले. बीएमआय दोघांचा २२.३, अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! मधुमेहात अशी लपलेली चरबी यकृतातही साचते, सूज आणते. बहुतेकदा दुखत काहीच नाही. सूज दाखवणारी सीआरपी दाढ सुजली तरी वाढते, यकृतासाठी तिच्यावर पैसे घालू नका. एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट करा. त्यात वय धरून डॉक्टर 'फिब-४' आकडा काढतात, मागून घ्या. पासष्टीच्या आत तो १.३ च्या वर असेल, तर एसजीपीटी नॉर्मल असली तरी पुढची तपासणी करून घ्याच.