बेघरपण, शाळा आणि एक दाखला

‘शिकले नाहीत, म्हणून रस्त्यावर आले.’ फुटपाथवरच्या कुटुंबांविषयी हे सर्रास बोललं जातं. यात तथ्य आहे, पण अर्धंच. बेघर असल्यामुळे शिक्षण सुटतं आणि शिक्षण सुटल्यामुळे घर आणखी लांब जातं, हे चक्र समजून घ्यायला हवं.

आधी आळशीपणाचा आरोप. 1985 साली ‘स्पार्क’ या संस्थेने मुंबईत फुटपाथवरच्या सुमारे सहा हजार कुटुंबांची पाहणी केली. ही माणसं गरीब जिल्ह्यांतून पोटासाठी आलेली आणि राबणारी निघाली. भाडं आणि रोजचा प्रवासखर्च परवडत नाही, म्हणून कामाजवळ पथारी पसरायची, एवढाच त्यामागचा हिशेब. त्याच वर्षी मुंबईतल्या फुटपाथवासीयांच्या बाजूने लढवलेल्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच धरला, मात्र रीतसर नोटीस देऊन पथारी हटवण्याची वाट मोकळी ठेवली. ज्याला ती नोटीस वाचताच येत नाही, त्याने मुदतीत हरकत कशी घ्यायची?

‘सरकारी योजना इतक्या आहेत, हेच घेत नाहीत,’ हा समज मला सगळ्यात घातक वाटतो. आपल्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख, जन्मगाव आणि जात यांची नोंद असते. जातीचा दाखला काढायला गेलं की वडिलांचा, आजोबांचा शाळेचा दाखला विचारतात. अनुसूचित जमातींना 1950 पूर्वीच्या आणि भटक्या-विमुक्तांना 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. आता पारधी कुटुंबाचा विचार करा. त्यांच्यासारख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारणारा 1871 पासूनचा कायदा देशभरातून गेला तो 1952 साली. ज्यांना गावात टिकूच दिलं नाही, त्यांच्या आजोबांचं नाव शाळेच्या पटावर कुठून सापडणार? आणि जातीचा दाखला नाही, तर आदिवासींसाठीच्या शबरी घरकुल योजनेचा अर्ज पुढे सरकत नाही. वाचता न येण्याने माणूस अडतोच, पण कधीच शाळेत न गेल्याने त्याच्याकडे जो कागद नसतो, तो पुढच्या पिढीलाही अडवतो.

‘या आईबापांना मुलं शिकवायचीच नसतात,’ असंही म्हणतात. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली 2016 पासून सिग्नल शाळा भरते. समर्थ भारत व्यासपीठाने ठाणे महापालिकेच्या साथीने ती कंटेनरमध्ये उभी केली. मराठवाड्यातल्या दुष्काळी भागातून आलेल्या, सिग्नलवर गजरे आणि खेळणी विकणाऱ्या मुलांसाठी ती आहे. अंघोळ, गणवेश, खाणं आणि अभ्यास, सगळं एकाच जागी, आईबापाच्या नजरेच्या टप्प्यात. इथली मुलं दहावी पास झाली आहेत. शाळा पोचली तर मुलं येतात, हे तिथे रोज दिसतं.

हा प्रश्न किती मोठा आहे? 2011 च्या जनगणनेत देशात 17 लाख 73 हजार बेघर नोंदले गेले, त्यांतले दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रात. झोपडपट्ट्या यात धरलेल्या नाहीत. पुलाखाली, फलाटावर, उघड्यावर राहणारे तेवढे हे. शिवाय आज इथे, उद्या तिथे हलवल्या जाणाऱ्या माणसांची मोजदाद कठीणच.

शेवटचा गैरसमज शाळांच्या दारातला आहे: ‘कागदपत्रं नाहीत, प्रवेश मिळणार नाही.’ 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा नेमकं उलट सांगतो. वयाचा पुरावा नाही म्हणून सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, हेही कारण चालत नाही. कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुसार वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण देणं बंधनकारक आहे. तुमच्या वस्तीजवळ असं मूल दिसलं, तर त्याच्या आईला हे सांगा आणि शक्य असेल तर तिच्यासोबत जवळच्या पालिका शाळेच्या मुख्याध्यापकांकडे जा. पटावर नाव चढलं की पुढचा दाखलाही तिथूनच मिळेल.