विरघळलेला दगड

भैंशाहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तथापि खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत पोवळे कसे जगते, याचा धडा आपल्या घरातच मिळतो. विहिरीचे जड पाणी उकळले, की भांड्याच्या तळाशी पांढरा थर धरतो. पाण्यात अदृश्यपणे विरघळलेला तो दगडच होय.

पोवळ्याचा जीव असाच विरघळलेला चुना घेऊन आपले दगडी घर बांधतो. सागरात त्याला तोटा नाही. पेटीतील साठा मात्र सरत जातो. तो भरून काढण्यासाठी हौशी मंडळी घरीच एक यंत्र करतात. बंद नळकांड्यात चुनखडीचे शुद्ध खडे भरून त्यांतून पेटीतील पाणी लहानशा पंपाने खेळवितात व कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडतात. पाण्याचा सामू ८.२ वरून ६.५ च्या आसपास उतरतो, खडे झिजतात आणि ते पाणी थेंबाथेंबाने पेटीत परतते. येथे धीर हवा. वायू अधिक झाल्यास सारी पेटी आम्ल होऊन जीव दगावतात.

वाचकहो, आम्ही मुलांना एक प्रयोग सुचवितो. खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळून निघणारा वायू नळीने चुन्याच्या पातळ निवळीत सोडावा. निवळी प्रथम दुधाळ होते. वायू सोडीत राहिल्यास पुन्हा निवळते. यंत्राचे मर्म हेच.

मात्र यासाठी समुद्रातील पोवळे कोणी आणू नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा असून दगडी पोवळ्यांना त्याचे कवच २००१ मध्ये लाभले. पेल्यातील धडा पुरेसा आहे. पोवळे सागरातच शोभते.