मानसशास्त्राची पदवी आणि मोजमापाची जबाबदारी

बारावीचे निकाल लागले की मानसशास्त्राच्या ऑनर्स अभ्यासक्रमाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात बहुधा एकच चित्र असते: समोर बसलेला दुःखी मनुष्य आणि त्याला धीर देणारे आपण. पालकांचा प्रश्न अधिक रोखठोक असतो. या पदवीवर रुग्ण तपासता येतील काय? उत्तर नकारार्थी आहे, आणि ते प्रवेशापूर्वीच सांगणे हे महाविद्यालयांचे कर्तव्य आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' ठरण्यास भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले शिक्षण लागते. मानसशास्त्रातील सर्वसाधारण ऑनर्स पदवीने तो अधिकार मिळत नाही.

मग 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पुढे आणलेल्या चार वर्षांच्या ऑनर्स पदवीत या विषयाने साधावयाचे काय? त्याचे उत्तर न्यूरोसायकॉलॉजीच्या, म्हणजे मेंदू आणि वर्तन यांचा संबंध तपासणाऱ्या शास्त्राच्या, इतिहासातच आहे. 1953 मध्ये अमेरिकेत अपस्मारावरील शस्त्रक्रियेनंतर एका तरुणाला नव्या घटना लक्षात ठेवणे अशक्य झाले. ब्रेंडा मिल्नर या विदुषीने त्याला आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवावयास दिली. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला. पण आपण हे पूर्वी केले आहे, याचे त्याला स्मरण नसे. स्मृती एकच नसून तिचे प्रकार आहेत, हा मोठा शोध कागद, पेन्सिल, आरसा आणि योग्य प्रश्न यांतून लागला.

प्रश्न चुकला तर मात्र अनर्थ होतो. स्मृतिभ्रंशाची प्राथमिक पाहणी करणारी एक चाचणी 1975 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली व जगभर रूढ झाली. तिच्यात वाक्य वाचून त्याप्रमाणे करणे, एक वाक्य लिहिणे, शब्दातील अक्षरे उलट्या क्रमाने सांगणे अशी कामे आहेत. कधी शाळेत न गेलेल्या शेतकरी स्त्रीपुढे ती ठेवली, तर अनुत्तीर्ण काय ठरते? तिचा मेंदू, की तिला न लाभलेली शाळा? हरियाणातील बल्लभगडच्या ग्रामीण वृद्धांसाठी संशोधकांनी हिंदी रूप सिद्ध केले, तेव्हा निव्वळ भाषांतरावर भागविले नाही. वाचन-लेखनाच्या जागी निरक्षरालाही करता येतील अशी कामे योजली. हे काम 1995 मध्ये प्रसिद्ध झाले.

महाराष्ट्रातील अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी हाच धडा गिरवावयास हवा. येथील रुग्ण मराठीतच नव्हे, तर अहिराणीत, भिलीत, गोंडीतही विचार करतात. पुण्या-मुंबईच्या पदवीधरांवरून ठरविलेली सरासरी नंदुरबारच्या आजीला लावणे शास्त्राला धरून नाही. म्हणून संख्याशास्त्र हा विद्यार्थ्यांचा नावडता विषय आणि प्रात्यक्षिकांच्या जुन्या नकलून काढलेल्या वह्या, या दोन्हींकडे गांभीर्याने पाहिले पाहिजे. चौथ्या वर्षाचा संशोधन प्रकल्प ग्रंथालयात उरकण्याऐवजी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली एखादी चाचणी येथील माणसांवर पारखून पाहण्यात खर्ची पडावा.

उपचार करण्याचा परवाना पुढील शिक्षणाने मिळेल. आपल्या हातातील माप खरे आहे की खोटे, हे विचारण्याची सवय मात्र पहिल्या पदवीतच लागली पाहिजे. त्या मापावर कोणाला तरी वेडसर किंवा शहाणे ठरविले जाणार असते.