बुकोल्झ रिले: तेलाच्या वाटेवरचा पहारेकरी

उपकेंद्रातला पॉवर ट्रान्सफॉर्मर ट्रिप झाला की क्षणात अनेक गावांची वीज जाते. ती तासाभरात येणार की आठवडा लागणार, हे एका प्रश्नावर ठरते: बिघाड ट्रान्सफॉर्मरच्या पोटात आहे की बाहेर? त्याचे उत्तर शोधताना आजही पहिली नजर जाते ती बुकोल्झ रिलेकडे. जर्मनीच्या मॅक्स बुकोल्झ यांनी हे उपकरण 1921 मध्ये शोधले.

मुख्य टाकी आणि वरची तेलाची छोटी टाकी (कन्झर्व्हेटर) यांना जोडणाऱ्या पाइपवर ते बसवलेले असते. आत तेल आणि दोन तरंगते फ्लोट. कुठे सांधा तापला, कागदी इन्सुलेशन जळू लागले, की वायूचे बुडबुडे वर चढून रिलेत साठतात. वरचा फ्लोट खाली येतो आणि नियंत्रण कक्षात अलार्म वाजतो. वीज मात्र चालू राहते. आत मोठा स्फुल्लिंग उडाला तर तेलाचा लोट उसळतो, खालची यंत्रणा दाबली जाते आणि दोन्ही बाजूंचे ब्रेकर उघडतात. वाइंडिंगमध्ये हळूहळू वाढणारे जे दुखणे प्रवाह मोजणाऱ्या डिफरन्शियल रिलेला दिसत नाही, ते इथे आधी कळते.

माझ्या मते वीज खंडित होणे टाळण्याची खरी संधी त्या अलार्ममध्येच आहे. साठलेला वायू तपासला तर बरेच उलगडते. नुकतेच तेल फिल्टर केले असेल तर ती निव्वळ हवा असू शकते. ती काढून टाकली की काम भागते. वायू ज्वलनशील निघाला तर बिघाड खरा. मग तेलाचा नमुना प्रयोगशाळेत जातो. त्यात ॲसिटिलीन सापडले की आत ठिणग्या उडत आहेत असे समजावे आणि नियोजन करून भार दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरवर न्यावा. अर्थात दुसऱ्यात तेवढी जागा राखलेली हवी. दोन्ही कायम पूर्ण भरलेले असतील तर सुटका नाही.

खोट्या ट्रिपिंगची कारणे साधीच असतात. टर्मिनल बॉक्सचे झाकण सैल, केबल आत शिरते तिथली ग्लँड उघडी. पावसाचे पाणी आत शिरते आणि संपर्क जोडले जातात. जुन्या रिलेतले पाऱ्याचे स्विच भूकंपाच्या हादऱ्यानेही चुकीचा इशारा देऊ शकतात, म्हणून कोयना परिसरासारख्या भागांत चुंबकीय रीड स्विच अधिक योग्य. नवी गॅस्केट, घट्ट ग्लँड, केबलची इन्सुलेशन चाचणी: एवढे काम मे महिन्यात झाले तर जुलैतले अंधार टळतात.

सारखे ट्रिप होते म्हणून रिलेची ट्रिप वायर सोडून ठेवणे, किंवा वायू न तपासता ट्रान्सफॉर्मर पुन्हा चार्ज करणे, हा अपराधच म्हणावा लागेल. आतला बिघाड खरा असेल तर टाकी फुटून आग लागू शकते.

म्हणून वाचकहो, पावसाळ्यापूर्वी देखभालीसाठी काही तास वीज बंद राहील अशी सूचना आली तर चिडू नका. उलट, उपकेंद्रातल्या रिलेची तपासणी झाली का, हे जरूर विचारा.