स्वयंचलित गिअरबॉक्समधील दोषांचे निदान : खान्देशातील जुन्या मोटारींच्या संदर्भात

प्रस्तावना :
जुनी स्वयंचलित मोटार झटके देऊ लागली की 'गिअरबॉक्स गेला' असा निर्णय पुष्कळदा गाडी चालवून पाहण्यापूर्वीच दिला जातो आणि मालकापुढे गाडीच्या उरलेल्या किमतीच्या तोडीचा खर्च उभा राहतो. वस्तुतः दोष तेलात, एखाद्या वायरीत किंवा इंजिनाच्या माउंटिंगमध्येही असू शकतो. जळगाव-धुळ्याच्या हवामानात हे निदान कोणत्या क्रमाने करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

गिअरबॉक्सचा प्रकार :
२०१४ मध्ये मारुती सेलेरिओबरोबर भारतात रूढ होऊ लागलेली 'एएमटी' ही नावाने स्वयंचलित असली, तरी आतून नेहमीचाच गिअरबॉक्स होय. क्लच दाबण्याचे व गिअर बदलण्याचे काम तेवढे यंत्रणा करते. चढावर अशी गाडी अॅक्सिलरेटरवर तोलून धरल्यास क्लच जळतो. सीव्हीटीमध्ये पट्टा व पुली असतात आणि त्याचे तेलही निराळे असते. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत मात्र इंजिनाची शक्ती तेलामार्फत पुढे जाते व गिअरही तेलाच्या दाबानेच बदलतात. पुढील विवेचन या शेवटच्या प्रकारापुरते मर्यादित आहे.

तेल आणि उष्णता :
मे महिन्यात जळगाव-भुसावळ परिसराचे तापमान ४५ अंशांच्या घरात जाते. गिअरबॉक्सचे तेल बहुतेक गाड्यांत रेडिएटरमधूनच थंड होते. त्याच्या जाळीत धूळ साचली असेल आणि गाडी लळिंग किंवा कन्नड घाट चढत असेल, तर तेल अतिशय तापते, पातळ होते व झिजलेल्या सीलमधून दाब निसटतो. परिणामी इंजिनाचे फेरे वाढतात, वेग मात्र वाढत नाही. हीच गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये नेली असता निर्दोष ठरते! म्हणून चाचणी गाडी किमान अर्धा तास चालवून, तापल्यावरच घ्यावी. याउलट, सकाळी 'डी' किंवा 'आर' लागण्यास दोन-तीन सेकंद विलंब होत असेल व गाडी तापल्यावर तो नाहीसा होत असेल, तर कडक झालेल्या सीलचा संशय घ्यावा. तेल कमी नाही ना, हे मात्र आधी पाहावे.

तेलाची पातळी सपाट जागी, कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या रीतीनेच पाहावी. काही गाड्यांत ती इंजिन चालू ठेवून, तर काहींत बंद करून पाहतात. लालसर तेल चांगले. काळपट व जळका वास येणारे तेल घर्षणपट्ट्या जळाल्याचे लक्षण होय. तेल दुधाळ गुलाबी दिसल्यास रेडिएटरचे पाणी त्यात मिसळले असे समजावे व गाडी पुढे चालवू नये. 'हे तेल आयुष्यभर चालते' हा दावा खान्देशच्या उन्हात प्रस्तुत लेखकास मान्य होण्यासारखा नाही.

विद्युत दोष :
गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहिली, तर बहुधा संगणकाने संरक्षक अवस्था स्वीकारलेली असते. स्कॅनरवर दिसणारा 'पी ०७००' हा कोड केवळ गिअरबॉक्सच्या संगणकात दोष नोंदला गेल्याचे सांगतो; कोणता भाग बिघडला, हे सांगत नाही. त्या कोडवरून गिअरबॉक्स उतरविणे अनाठायी होय. सोबतचे कोड, बॅटरीचा दाब, वायरींचे जोड आणि सोलेनॉइड यांची तपासणी आधी व्हावी.

एक चाचणी मात्र हमखास राहून जाते. घाट उतरताना वेग कमी करून '२' किंवा 'एल' निवडावे. इंजिन गाडीस रोखून धरीत नसेल, तर सारा भार ब्रेकवर येतो. अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत घाटात नेऊ नये.