एका फोनभोवती तिघी

ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर २०२४' अहवालातला स्मार्टफोनचा आकडा चांगलाच गाजला. ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरणारे ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्के. पोरं वाया चालली, अशी ओरड लगेच झाली. ती ५७ टक्के मुलं एकटी अभ्यासाला बसली की कुणासोबत, हे मात्र कुणी विचारलं नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव कोशाच्या कापडाचं गाव. अशा गावांत घरातला एकुलता फोन सकाळी बापासोबत कामाला जातो, संध्याकाळी परततो. मग आधी भावाचा नंबर, उरला वेळ तर बहिणीचा. घरी स्मार्टफोन असूनही सुमारे चौथा हिस्सा मुलांना तो मिळतच नव्हता, असं 'असर २०२१'मध्ये दिसलं होतं. अशा मुलीची शाळा मैत्रिणीच्या ओसरीवर भरते. एकीच्या मांडीवर फोन, दुसरीच्या हातात वही. मध्येच तिसरी म्हणते, "थांबव ना, हे कसं आलं?" व्हिडिओ मागे जातो. हाच प्रश्न वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारायला जीभ रेटत नाही. चारचौघांत अडाणी कोण ठरणार? तिथे सगळ्यांचा अंगठा वर.

शिक्षण-संशोधक सुगत मित्रांनी १९९९मध्ये दिल्लीच्या कालकाजीत वस्तीलगतच्या भिंतीत संगणक बसवला. पुढे असे संगणक सिंधुदुर्गातही लागले. सगळ्यांना कौतुक वाटलं ते यंत्राचं. मला मोलाचा वाटतो तो त्या यंत्राभोवतीचा घोळका. ताबा एकाच्या हाती, बाकीचे मागून सुचवणार, चुकवणार, भांडणार. मुलं घोळक्यानं शिकतात, हे मित्रांनी पुन्हापुन्हा सांगितलं. त्यांच्या दाव्यांवर टीकाही झाली. शिक्षकाशिवाय सगळं जमतं, हे मलाही पटत नाही. पण घोळक्याबद्दल ते बरोबर आहेत.

टाळेबंदीत आपण फोन किती, डेटा किती, हे मोजत बसलो. मुलांची जोडी तुटली, ते कुणी मोजलं नाही. अडलं तिथे कोपर मारून विचारायला शेजारी कुणी नसलं, की ऑनलाइन वर्गातलं पोर गुपचूप कॅमेरा बंद करतं.

मैत्रीत उत्तरं छापली जातात, अशी शिक्षकांची तक्रार असते, आणि ती खरी आहे. वहीचा फोटो क्षणात चार घरी पोचतो. म्हणून गृहपाठ तिघांच्या नावावर द्यावा, आणि तपासताना त्यांतल्या कुणालाही उभं करून उत्तर कसं काढलं ते विचारावं.